फोमवाल्या मॅडम

आमच्या मॅडमशी बोलताना समोरच्या माणसाचं लक्ष हमखास त्यांच्या हाताकडे जायचं. डाव्या हातात फोमचा लहानसा चौकोनी तुकडा असायचा आणि आपण बोलत असेपर्यंत त्या तो अंगठ्याने दाबत राहायच्या. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नजर मात्र आपल्यावर. पहिल्या दिवशी मला वाटलं, डॉक्टरांनी बाईंना हाताचा काही व्यायाम सांगितला असेल. मग कळलं की तो त्यांचा जुना चाळा आहे. दाबलेला फोम किती वेळात वर येतो हे बघता बघता त्या आपलं बोलणंही ऐकत, आणि दोन्हींबद्दलचं मत एकदमच देत. "तुकडा बरा आहे. तुझं कारण बरं नाही."

चाकणला आमची कंपनी पॅकिंगचं सामान बनवते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात चारी कोपऱ्यांना जे पांढरं बसवलेलं असतं, ते. मी लातूरकडून डिप्लोमा करून आलो आणि डिझाइन विभागात त्यांच्या हाताखाली लागलो. इस्त्रीची सुती साडी, पायात कंपनीचे सेफ्टी शूज आणि पर्सच्या जागी शबनम पिशवी. लग्न केलेलं नव्हतं. रावेतला फ्लॅट घेऊन एकट्या राहायच्या. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची. रस्त्यात मोठा खड्डा आला की आम्ही सगळे शिव्या घालायचो. मॅडम मागे वळून विचारायच्या, "आत्ता खोकं असतं तर कुठल्या बाजूवर आदळलं असतं?" आणि उत्तराची वाट बघायच्या.

नव्या माणसाला त्या अहो-जाहो करीत. काही महिने मीही "तुम्ही" होतो आणि मनातून सुखावलेलो होतो. मग मी डिझाइन केलेल्या पहिल्या कोपऱ्यांची चाचणी आली. आमच्याकडे माल भरलेलं खोकं ठरलेल्या उंचीवरून मुद्दाम पाडतात आणि आत काय झालं ते बघतात. माझं खोकं पाडलं, उघडलं, तर वॉशिंग मशीनच्या झाकणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलेला. मॅडम गुडघे टेकून खाली बसल्या, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता तू आमच्यातला झालास. ज्याच्या हातून कधी फुटलं नाही त्याला पॅकिंग कळत नाही. ये, बस इथे, कुठून जोर आला ते शोधू."

त्या दिवसापासून मी "तू" झालो. ऑफिसात सगळे "तू" होते, एक नवा अकाउंटंट सोडून. त्या बिचाऱ्याला फोडायला काही मिळतच नव्हतं.

पाडून बघायची सवय त्यांनी कंपनीच्या फाटकाबाहेरही सोडली नाही. चिंचवडच्या भांड्यांच्या दुकानात त्यांनी डबा घेताना कमरेच्या उंचीवरून सोडून बघितला होता. झाकण उडालं तर नको, नाही उडालं तर द्या. दुकानदार पुढे त्यांना लांबूनच ओळखायचा आणि काचसामान मागच्या फळीवर सरकवायचा.

आमचं लग्न लातूरला झालं. मॅडम एवढ्या लांब येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. साडी रेशमी, पायात तेच बूट. हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं खोकं. स्टेजवर चढल्या, फोटोवाल्याला हाताने थांबवलं, खोकं छातीइतकं उंच धरलं आणि सोडून दिलं. धप्पकन आवाज झाला. सासरे खुर्चीतून अर्धे उठले. मॅडमनी खोकं उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि माझ्या बायकोच्या हातात दिलं. "काचेचे ग्लास आहेत. सगळे धड आहेत. सुखाने राहा."

बायको तेव्हा त्यांना पहिल्यांदाच बघत होती. मला हळूच म्हणाली, "या तुझ्या साहेब?" रात्री खोकं उघडलं तर प्रत्येक ग्लासासाठी फोममध्ये हाताने कोरलेलं घरटं होतं. बायको बराच वेळ त्या कोरीवकामावरून हात फिरवत राहिली. मॅडमबद्दल तिचं मत तिथे बदललं ते कायमचं.

पुढे आम्ही रावेतलाच भाड्याने फ्लॅट घेतला. मॅडमच्या सोसायटीत, त्यांनीच सुचवलेला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर लोक सहलीला जातात, भजनी मंडळात जातात. मॅडमना काय करावं ते सुचेना. सकाळी बसच्या वेळेला त्या सोसायटीच्या फाटकापर्यंत यायच्या, आम्हाला हात करायच्या आणि परत जायच्या.

एका दिवाळीनंतरची सकाळ. सोसायटीत घरोघर नवे टीव्ही, नवे फ्रिज आलेले आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी पांढऱ्या फोमचा ढीग लागलेला. घंटागाडीवाले तो घेत नव्हते. जागा फार खातो म्हणायचे. मी बससाठी निघालो तर मॅडम त्या ढिगाशी उकिडव्या बसलेल्या. मला बघून त्यांनी एक तुकडा वर धरला.

"हा बघ. माझा."

मला कळेना. त्यांनी तुकड्याच्या आतल्या अंगावर बोट ठेवलं. "ही बरगडी बघ. फोम कमी लागावा म्हणून मी टाकली होती. ह्या एका बरगडीसाठी मी पावसाळाभर डोकं खाजवलंय." मग तुकडा त्यांनी साडीला पुसला. "खोकं उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ह्याचं काम संपतं. मग हे इथे. नोकरीत असताना मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी येऊन बघितलं नव्हतं."

तो तुकडा त्यांनी घरी नेला. दुसऱ्या दिवशी आणखी नेले. महिन्याभरात त्यांचा हॉल छतापर्यंत पांढरा झाला. सोफा त्यांनी वॉचमनला देऊन टाकला. तो बीडकडचा. तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मॅडमनी भंगाराचा धंदा टाकलाय का? टाकला तर चांगलंच आहे, पण सांगा म्हणावं मला, गाडी बघून देतो."

धंदा नव्हता. प्रयोग होते. आणि सगळे काही जमत नव्हते. फोमच्या तळव्यांच्या चपला केल्या, त्या चालताना उंदरासारख्या चिरकायच्या. थंडीत दही लागत नाही म्हणून कडक थर्माकोलचा एक डबा केला, तो मात्र झकास झाला. पातेलं आत ठेवलं की सकाळी दही घट्ट. आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे तो डबा गेला. त्यांना या कामात साथ होती शिलाईवाल्या मावशींची. मावशी मूळच्या रावेत गावच्या. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्याची ज्वारी असायची. आता त्या फाटकाजवळच्या गाळ्यात ब्लाउज शिवायच्या. मॅडम फोम घेऊन गेल्या की मावशी कपाळाला हात लावायच्या. "पुन्ना आनलंस व्हय? बाई, तू एवढी शिकलेली, तुला घर हाय का गोडाऊन?" आणि मशीनवरचं ब्लाउज बाजूला सारून विचारायच्या, "बरं, काय शिवायचं बोल."

त्या हिवाळ्यात माझ्या आईला गावाकडे अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखाना झाला आणि आम्ही तिला रावेतला घेऊन आलो. मी आणि बायको दोघंही नोकरीवर. दिवसा एक बाई ठेवली. आई शेतात राबलेली बाई, आयुष्यात दिवसा आडवी झालेली नव्हती. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण चार घासांवर आलं. बोलणं बंदच झालं. एकदा फक्त बायकोला म्हणाली, "मला गावाकडं नेऊन टाका." मग पाठीला, कमरेच्या खाली, जखम झाली. एका टाचेलाही. ड्रेसिंग करायला नर्स यायच्या. त्यांनी सांगितलं की दर थोड्या वेळाने कूस बदला, एकाच ठिकाणी दाब पडू देऊ नका. आम्ही करत होतो, पण जखम वाढत होती.

मॅडमना हे बायकोकडून लिफ्टमध्ये कळलं. तासाभरात त्या दारात उभ्या. काखेत मऊ फोमच्या जाड पट्ट्या, हातात टेप आणि धारदार सुरी. "आई कुठे आहेत?" एवढंच विचारलं आणि बूट काढून आत गेल्या.

पलंगाशी बसून त्यांनी आधी हात एकमेकांवर चोळले. म्हणाल्या, "आई, मी तुमच्या अंगाखाली हात घालणार आहे. गार लागला तर सांगा." मग तळवा सपाट करून त्यांनी तो आईच्या पाठीखाली, कमरेखाली, मांडीखाली हळूहळू सरकवला. कुठे भार पडतो आणि कुठे पोकळी आहे ते बघत होत्या. कंपनीत त्या मशीनखाली असाच हात घालायच्या. मला त्या क्षणी हसावं की रडावं ते कळेना.

आईने मान वळवली. कित्येक दिवसांनी तिने भिंतीवरून नजर काढली होती. जड जिभेने म्हणाली, "मला खोक्यात भरायली का काय ही बाई?"

बायको फसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. "खोक्यात भरता आलं असतं तर बरं झालं असतं, आई. सगळ्या बाजूंनी आधार देता आला असता. आता फक्त खालूनच देता येईल."

पहिल्यांदा त्यांनी मोठं कडं कापलं, मध्ये भोक, जखम अधांतरी राहावी म्हणून. संध्याकाळी नर्स आल्या आणि त्यांनी ते काढून टाकलं. "असलं गोल नको. कडेला दाब येतो, रक्त पोचत नाही."

मॅडमनी ते कडं उचलून कडेवरून अंगठा दाबत नेला. "बरोबर आहे. कडेला येणारच. हे मला कळायला हवं होतं." मग त्या नर्सच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारत राहिल्या. कुठे दाब चालतो, कुठे अजिबात नाही, घाम आला तर काय होतं. नर्सबाईंना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, तरी त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम नव्या गाद्या घेऊन आल्या. एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा हवेत राहतील. एक पाचरीसारखी उतरती, पाठीमागे लावली की आई किंचित कुशीवर राहील. गोंद कुठेही नाही, थर एकमेकांना गरम हवेने चिकटवलेले. वर मावशींनी शिवलेले सुती अभ्रे, आईच्याच जुन्या लुगड्याचे, रोज काढून धुता येतील असे.

त्यानंतर मॅडम रोज सकाळी यायच्या. गादी अंगठ्याने दाबून बघायच्या. फोम बसला असेल तर नवा थर. आईला वेगळं काही विचारायच्या नाहीत. पण त्यांचं ते दाबून बघणं चालू असताना आई बोलायला लागली. गावाकडचं, शेताचं, बैलांचं. मॅडमना त्यातलं काही कळत नव्हतं, कारण त्या सदाशिव पेठेत वाढलेल्या. पण "मग?" असं त्या इतकं मनापासून विचारायच्या की आई पुढचं सांगायची. थंडी सरता सरता जखमा भरल्या. नर्सबाई म्हणाल्या, "औषधाने, कूस बदलल्याने आणि ह्या गाद्यांनी, तिन्हींनी मिळून झालंय." मॅडमना हा हिशेब पटला. एकट्या गाद्यांना श्रेय दिलं असतं तर त्यांनी वाद घातला असता.

नर्सबाईंनी ही गोष्ट त्यांच्या बाकीच्या घरांत सांगितली. मग दिघीहून एक गृहस्थ विचारत आले. चऱ्होलीहून कुणाच्या सुनेचा फोन आला. मॅडम एकट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी ठरवलं की रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलवायचं. घरात पडलेला फोम आणा आणि बसून काहीतरी करा.

सेक्रेटरींना ते पसंत नव्हतं. "मॅडम, पार्किंगमध्ये कचरा गोळा करायचा म्हणजे..."

"कचरा नाही. माल आहे," मॅडम म्हणाल्या. हातातला तुकडा त्यांनी दाबून सोडला. "तुमच्या घरी परवा टीव्ही आलाय. त्याचाही घेऊन या."

रविवारी सकाळी दोन पाट्या लागल्या. "कडक इकडे", "मऊ तिकडे". कडक थर्माकोल भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याकडे जाणार होता. तो वितळवून दाबतो आणि फोटोफ्रेमच्या पट्ट्या काढतो. त्याने नमुन्याच्या फ्रेम टेबलावर मांडल्या होत्या आणि लोक त्या उचलून लाकूड आहे की काय म्हणून नखाने टोकरत होते. मऊ फोम धुवायचा, कापायचा, थर चिकटवायचे, अभ्रे घालायचे. कापायला चिंचवडगावातले एक काका आले होते. पूर्वी गणपतीची मखरं करायचे. थर्माकोलवर बंदी आली तसं त्यांचं काम गेलं होतं. सुरी हातात घेतल्यावर त्यांनी पहिली पाचर कापली ती इतकी सफाईने, की मॅडमनी ती उचलून दोन्ही बाजूंनी बघितली आणि त्यांच्यासमोर सगळा ढीग सरकवला. काका म्हणाले, "मॅडम, मखर देवाला करत होतो. हेही चालेल."

दुपारच्या आधी गोंधळ झाला. कुणीतरी हौसेने कडक थर्माकोल गुडघ्यावर मोडला, त्याच वेळी वारा सुटला आणि पांढरे दाणे पार्किंगभर उधळले. गाड्यांवर, कुंड्यांत, लोकांच्या केसांत. सेक्रेटरी तावातावाने आले. "हेच सांगत होतो मी. आता हे कोण गोळा करणार?"

मॅडमनी तोवर एक चादर बादलीत बुडवून पिळली होती. एक टोक त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिलं. "हे धरा. खाली टेकवून हळू ओढायची. उचलायची नाही." सेक्रेटरी चिडलेले होते, पण हातात टोक आलेलं. दोघं ओली चादर फरशीवर ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि दाणे चादरीला चिकटून आले. परत येताना सेक्रेटरी सांगत होते, "मॅडम, तुमची बाजू वर उचलली जातेय. खाली ठेवा." नंतर तर त्यांनी मॅडमना बाजूला केलं आणि वॉचमनला घेऊन उरलेली जागा स्वतः साफ केली.

मी आईला उन्हाला बसवावं म्हणून व्हीलचेअरवरून खाली आणलं होतं. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर येत होती. लोकांत आल्यावर तिने उजव्या हातावर शाल ओढून घेतली आणि मान खाली घातली. मला वाटलं, चूक केली, वर न्यावं. तेवढ्यात मॅडम आल्या. आईच्या मांडीवर एक रिकामा अभ्रा ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर फोमच्या बारीक तुकड्यांची टोपली.

"आई, ह्या उशा भरायच्यात."

आईने त्यांच्याकडे बघितलं. "एका हातानं?"

"उशी एकाच बाजूने उघडी आहे," मॅडम म्हणाल्या. "एकच हात लागतो." आणि निघून गेल्या.

मी मदतीला वाकलो तर आईने डाव्या हाताने मला बाजूला केलं. अभ्रा तिने दोन गुडघ्यांत धरला आणि एकेक मूठ भरायला लागली. सुरुवातीला अर्धे तुकडे खाली सांडत होते. मग तिला रीत सापडली. कोपरे आधी, मग मध्य. मावशी पार्किंगमध्ये आणून मांडलेल्या शिलाई मशीनवरून ओरडल्या, "आक्का, जरा दाबून भर, न्हाईतर गोळा व्हईल." आईने उत्तर दिलं, "भरलीय की गच्च. ये बघायला."

दिघीचे ते गृहस्थ वडिलांसाठी सामान न्यायला आले, तेव्हा आईने भरलेली पहिली उशी त्यांच्या वाट्याला आली. ती देताना आईने उशी सोडली नाही, धरूनच ठेवली. "कोन हाय निजून?"

"वडील आहेत."

"ही डोक्याखाली देऊ नगं. पोटरीखाली दे. टाच टेकू देऊ नगं, बाबा. लई दुखतं." मग सोडली.

त्या गृहस्थांनी उशी दोन्ही हातांत घेतली आणि वाकून आईला नमस्कार केला. माझी आई, जिला आम्ही गेले कित्येक महिने फक्त उचलत, पुसत, भरवत होतो, तिच्यासमोर एक अनोळखी माणूस सल्ला घेऊन वाकला होता. मी खांबाआड जाऊन डोळे पुसले.

मॅडम आता नाशिकला धाकट्या बहिणीजवळ असतात. गुडघ्यांनी दगा दिला. त्यांचा फ्लॅट भाड्याने गेला, पण फोमचं काम सोसायटीत अजून चालतं, आणि चादरीचं एक टोक अजून सेक्रेटरी धरतात. मला लोक विचारतात की हे कसं सुरू झालं. मी मॅडमबद्दल सांगायला लागतो आणि बूट, खोकी, पाडापाडी यांतच वेळ जातो. खरं सांगायचं राहून जातं.

खरं म्हणजे त्या रविवारची संध्याकाळ. आईला वर आणलं. दोन वेळा वाढून घेऊन ती जेवली. मी मॅडमना फोन केला. आभार मानायचे होते, पण शब्द जमवता जमवता नुसताच "मॅडम, आज आई..." म्हणून थांबलो.

त्या म्हणाल्या, "हो, बघितलं मी. आईंना विचार, पुढच्या रविवारी येतील का. उशा भरणारं माणूस कमी पडतंय."

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, केसांतला एक पांढरा दाणा काढत.

"किती वाजता यायचं," ती म्हणाली, "ते इचार."